सणासुदीत कुत्र्याला धीर कसा द्यावा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत श्रावणातल्या एका रविवारी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मृत्युपत्र, मधुमेह आणि नॉमिनेशन असे तीन विषय झाले. तिन्ही आमच्या वयाला शोभणारे. चौथ्या व्याख्यानासाठी मला विचारलं तेव्हा समितीला वाटलं, हा बँकेतला माणूस, मुदत ठेवींवर बोलेल. मी म्हटलं, कुत्र्यांवर बोलतो. जरा शांतता पसरली. मग एक सभासद म्हणाले, "काका, वार्षिक सभेत भांडण लावायला हा एकच विषय पुरतो." त्यांचं खरं आहे. म्हणून तर सभेत न बोलता इथे बोलतोय. इथे ठराव नाही, मतदान नाही, आणि शेवटी चहा आहे.

आज आपल्या तीन विंगमध्ये मिळून अकरा कुत्री आहेत. गेटपाशी राहणारी दोन वेगळी, काळू आणि राणी. म्हणजे दर सहा-सात घरांमागे एक कुत्रा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा सबंध सोसायटीत एकच पामेरियन होता. तेव्हा पाळलेल्या कुत्र्याचा प्रश्न त्या एका घराचा होता. आता तसं राहिलेलं नाही.

विषय श्रावणातच का काढला, तेही सांगतो. पुढच्या काही आठवड्यांत गणपती येतील, मग नवरात्र, मग दिवाळी, मग नाताळ आणि एकतीस डिसेंबर. चार महिने आवाजाचे. आणि मला आज जे सांगायचं आहे त्याचं सार एवढंच की भित्र्या कुत्र्याची दिवाळी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुधारता येत नाही. ती आधी दोन-अडीच महिने थोडी थोडी सुधारावी लागते. आमच्या भाषेत सांगायचं तर हे आवर्ती ठेवीचं खातं आहे. दर महिन्याचा हप्ता भरला असेल तरच मुदत संपल्यावर हातात काही येतं. आदल्या दिवशी काउंटरवर येऊन "साहेब, काहीतरी करा" म्हणून उपयोग नाही.

हे एवढं गंभीरपणे का घ्यायचं? तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. बी विंगमधल्या एका वहिनींचा कुत्रा लक्ष्मीपूजनाच्या रात्री गेला. फराळाचं ताट द्यायला कोणी आलं, दार उघडं राहिलं, तेवढ्यात खाली माळ लागली आणि तो जिन्याने सुसाट खाली गेला. गेटबाहेर, रस्त्यापलीकडे. गळ्यातला पट्टा फराळाच्या गडबडीत काढून ठेवलेला. आपली मुलं पंधरा दिवस फोटो घेऊन फिरली, चौकाचौकात कागद लावले. तो सापडला नाही. त्यात त्या वहिनींचा काही दोष नव्हता. सणाच्या घरात दार उघडं असणारच, ती तर आपली रीत. पण घाबरलेला कुत्रा घराकडे धावत नाही, आवाजापासून लांब धावतो, आणि त्या रात्री आवाज सगळीकडे असतो. तो थांबणार कुठे?

आता कुत्र्याला नेमकं होतं काय, ते पाहू. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत. रॉकेट वर जातानाची बारीक शिट्टी, दूरच्या गल्लीतली लवंगी, हे आपल्या कानावरून निघून जातं, त्याच्या नाही. शिवाय आपल्याला माहीत असतं की आज दिवाळी आहे, शेजारच्याच्या हातात उदबत्ती आहे, आता वाजणार. आपण कानावर हात ठेवतो आणि हसतो. कुत्र्याला कालनिर्णय वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने काहीही कारण नसताना आभाळ फुटतं, उजेडाचा लोळ येतो, जमीन हादरते आणि जळका वास येतो. कधी थांबेल ते कळत नाही, कुठून येतंय ते कळत नाही.

भीती ओळखायला शिका. थरथर कापणं, शेपूट पायात घालणं आणि पलंगाखाली लपणं हे सगळ्यांना कळतं. पण त्याच्या आधीच्या खुणा बारीक असतात. झोप आलेली नसताना जांभया देणं, सारखी जीभ ओठांवरून फिरवणं, उकडत नसताना धापा टाकणं, कान मागे पाडून घरभर येरझाऱ्या घालणं, आवडीचा तुकडा समोर असूनही तोंड फिरवणं. एखादा कुत्रा एरवी शहाणा असून घरात शू करतो. तो हट्टीपणा नसतो आणि त्याचा सूडही नसतो. त्याबद्दल रागावलात तर त्याच्या भीतीत तुमच्या भीतीची भर पडते, बाकी काही होत नाही.

"एक-दोन वर्षांत सवय होईल त्याला," असं पुष्कळ जण म्हणतात. काही कुत्र्यांना होते. पण जो खरोखर घाबरतो, त्याची भीती बहुधा वाढत जाते. पहिल्या वर्षी सुतळी बॉम्बला घाबरणारा दुसऱ्या वर्षी लवंगीला घाबरतो, तिसऱ्या वर्षी ढगांच्या गडगडाटाला, आणि पुढे कुकरच्या शिट्टीलाही. थकलेल्या कर्जावर व्याज चढतं तसं हे चढतं. कर्ज छोटं आहे तोवर फेडायला घ्यावं, एवढी अक्कल बँकेतल्या छत्तीस वर्षांनी मला दिली आहे.

आमच्या घरचं सांगतो. आमच्या मुलीने रस्त्यावरून आणलेला कुत्रा, नाव बंड्या. नाव बंड्या, पण स्वभाव अगदी ससा. मुलीची बंगळूरला बदली झाली आणि दिवाळीच्या चार दिवस आधी बंड्या आमच्याकडे राहायला आला. वय साधारण दोन वर्षं, मागचा इतिहास कोणालाच माहीत नाही. त्या दिवाळीत तो बाथरूममध्ये बेसिनखाली जाऊन बसला. दारावर नखं घासून घासून पंजातून रक्त आलं. दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आमची सौ. त्याच्याजवळ फरशीवर बसून होती. भाऊबीज झाल्यावर आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "हा आजार समजा आणि पुढच्या दिवाळीसाठी आजपासून सुरुवात करा."

मी जुन्या सवयीने एक वही घातली. तारीख, आवाज कसला, किती लांबून, आणि आवाज थांबल्यावर तो पूर्ववत व्हायला किती मिनिटं लागली. पहिल्या दिवाळीची नोंद आठवून लिहिली: लक्ष्मीपूजनाची रात्र, दीड तास आणि वर. दुसऱ्या दिवाळीला पस्तीस मिनिटं. तिसऱ्या दिवाळीला, म्हणजे गेल्या वर्षी, दहा-बारा मिनिटं. तो धीट झालेला नाही. अजूनही पलंगाखाली जातो. पण तिथे जाऊन पनीर खातो आणि साडेदहाला घोरतो. आम्हाला एवढं पुरे आहे.

तर हप्ते कसे भरायचे?

पहिला हप्ता आवाजाचा. फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग फोनवर सहज मिळतं. ते अगदी हळू लावायचं, इतकं हळू की कुत्र्याचा फक्त कान हलावा. त्याच वेळी त्याच्या अतिशय आवडीचं काहीतरी द्यायचं. मांसाहारी घरात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, आमच्यासारख्यांकडे पनीर किंवा उकडलेलं रताळं. पाच मिनिटं, दिवसातून एक-दोन वेळा. आवाज थांबला की खाऊही थांबला. सलग काही दिवस तो आरामात राहिला तरच आवाज एक पट्टी वर. खायचं थांबला तर समजा आपण घाई केली, पुन्हा खाली या. ही काही माझी युक्ती नाही. रशियाचे पावलॉव्ह, ज्यांना १९०४ साली नोबेल मिळालं, त्यांनी दाखवून दिलं की ज्या खुणेमागोमाग अन्न येतं, त्या खुणेलाच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आपण तेच उलट्या बाजूने करतोय. जी खूण भीतीची आहे, तिच्यामागे अन्न आणून ठेवतोय.

मात्र फोनच्या स्पीकरमधून धमाका येतो, हादरा येत नाही आणि उजेडही येत नाही. म्हणून एवढ्यावर विसंबू नका. इथे गणपतीचा एक फायदा सांगतो. ढोल-ताशा पथकांचा सराव आधीपासून सुरू होतो. संध्याकाळी नदीकाठी, मैदानात. तिथून पुष्कळ लांब उभं राहायचं, जिथे ढोल ऐकू येतो पण कुत्रा निवांत असतो, तिथेच त्याला खाऊ द्यायचा आणि परत यायचं. रोज ओढून जवळ नेऊ नका. मिरवणुकीत तर मुळीच नको. कुत्र्याला मिरवणुकीत नेण्याने त्याची भीती मोडते हा गैरसमज आहे. भीती मोडत नाही, विश्वास मोडतो.

दुसरा हप्ता जागेचा. घरातली सगळ्यात आतली, कमी खिडक्यांची जागा निवडा. पलंगाखाली, जिन्याखाली, कपाट आणि भिंतीमधला कोपरा. बहुतेक वेळा कुत्र्याने ती आधीच निवडलेली असते, आपण फक्त मान्यता द्यायची. तिथे जुनी चादर, घरच्या माणसाचा वापरलेला, न धुतलेला एखादा बनियन किंवा साडी, आणि पाण्याचं भांडं ठेवा. एरवीही त्याला तिथे चघळायला काही देत जा, म्हणजे ती जागा भीतीची न राहता सुखाची होते. तिथे तो गेला की त्याला ओढून काढायचं नाही. मुलांनो, हे तुमच्यासाठी. पलंगाखाली टॉर्च मारून बघायचं नाही. आणि त्याला कोंडायचंही नाही, दार किलकिलं राहू द्या.

तिसरा हप्ता निवांतपणाचा. रोज ठरावीक वेळी, घरात शांतता असताना, कुत्र्याला त्याच्या चटईवर बोलवा. तो आडवा झाला, मान टाकली, की हळू आवाजात शाबासकी आणि एक तुकडा. महिन्याभरात त्या चटईचाच त्याला गुण येतो. चटई पसरली की अंग सैल सोडायचं, हे त्याच्या डोक्यात बसतं.

याला आकड्यांचा आधार आहे का, असं माझ्यासारखा माणूस विचारणारच. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या उपायाचा गुण आला, असं मालकांना विचारलं होतं. प्रत्यक्ष फटाका वाजल्याबरोबर खाऊ देणं किंवा खेळवणं, याला तो उपाय करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी गुण आल्याचं सांगितलं. निवांतपणाचं शिक्षण ६९ टक्के, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध ६९ टक्के, रेकॉर्डिंग ५५ टक्के, अंगाला घट्ट बसणारं जाकीट ४४ टक्के. बाजारात मिळणारे सुगंध, वनस्पतींचे अर्क, होमिओपॅथीच्या गोळ्या वगैरे तीस टक्क्यांच्या आसपास. आता यात सगळा भरवसा मालकांच्या सांगण्यावर आहे, हे मी मान्य करतो. पण सगळ्यात स्वस्त उपाय सगळ्यात वर आहे, ही गोष्ट मला आवडली. धडाम झालं की लगेच तुकडा. क्रम लक्षात ठेवा: आधी आवाज, मग खाऊ.

आता प्रत्यक्ष सणाचा दिवस. ही यादी सोसायटीच्या नोटीस बोर्डावरही लावणार आहोत.

संध्याकाळचं फिरणं अंधार पडायच्या पुष्कळ आधी उरका, आणि त्या दिवशी जरा लांबवर न्या. दमलेला कुत्रा लवकर झोपतो. जेवणही लवकर द्या, कारण पुढे त्याला खायचं सुचणार नाही. नरकचतुर्दशीचं विसरू नका. आपण पहाटे अभ्यंगस्नानाला उठतो आणि फटाकेही पहाटेच सुरू होतात, नेमके कुत्र्याच्या पहिल्या फेरीच्या वेळी. त्या दिवशी उजाडू द्या, आवाज ओसरू द्या, मग खाली न्या. तोवर गच्चीत किंवा बाथरूममध्ये वर्तमानपत्र पसरून सोय ठेवा.

खाली नेताना पट्टा आणि छातीचा हार्नेस, दोन्ही घाला आणि दोरी हाताला गुंडाळा. घाबरलेला कुत्रा मान मागे खेचून पट्ट्यातून सहज निसटतो. या दिवसांत घरातही गळ्यातला पट्टा काढू नका आणि त्यावर आपला फोन नंबर असू द्या. बाजारात दहा मिनिटांत नंबर कोरून मिळतो. मायक्रोचिप बसवून घेतली असेल तर फारच उत्तम. कुत्र्याचा एक स्पष्ट, अलीकडचा फोटो फोनमध्ये ठेवा.

दाराचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. पाहुणे आले, फराळाचं ताट आलं, तर आधी कुत्रा आतल्या खोलीत, खोलीचं दार बंद, मग मुख्य दार उघडायचं. ज्यांच्याकडे सेफ्टी डोअर आहे त्यांनी दोन्ही दारं एका वेळी उघडू नयेत. आणि ताट घेऊन येणाऱ्यांनो, तुम्हालाही विनंती. ज्या दारावर कुत्र्याची पाटी आहे तिथे बेल वाजवून जरा दोन पावलं मागे थांबा. आत तयारी चाललेली असते.

खिडक्या, गच्चीचं दार बंद. पडदे ओढा, म्हणजे उजेडाचे झोत अडतात. घरात एखादा ओळखीचा, सलग आवाज असू द्या. पंखा, एक्झॉस्ट, टीव्ही, नाहीतर संथ गाणी. आमच्या घरी मालिका लावतात. बंड्याला त्या सासूसुनांच्या आवाजात झोप लागते, मलाही लागते.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, लाड करू नयेत, असं काही जण सांगतात. हे चुकीचं आहे. भीती ही भावना आहे, खोडी नाही. जवळ घेतल्याने ती पक्की होत नाही. तो तुमच्याजवळ आला तर बसू द्या, संथ हात फिरवा. नाही आला तर मागे लागू नका. फक्त तुम्ही स्वतः "अरे बापरे" करून दचकू नका, कारण तो तुमच्याकडे पाहून ठरवत असतो. शक्यतो त्या संध्याकाळी घरातलं एक तरी माणूस त्याच्यासोबत राहावं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला मी घरी आणि सौ. खाली, पाडव्याला उलट.

फराळाबद्दल दोन शब्द. चिवड्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. चॉकलेट विषारी. कांदा आणि लसूण रक्ताला वाईट. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या आणि मिठाया जिवावर बेततात. सणात घाईघाईने दवाखाना गाठायची वेळ पुष्कळदा खाण्यावरून येते, फटाक्यांवरून नाही. प्रेमाने शंकरपाळा टाकणाऱ्या आजोबांनी मनाला आवर घालावा. मी स्वतःला घालतो.

औषधाबद्दल. काही कुत्र्यांना नुसत्या पनीरने भागत नाही. त्यात कमीपणा नाही. भीती कमी करणारी चांगली औषधं आज पशुवैद्यांकडे आहेत. पण ती डॉक्टरांनीच द्यायची, कुत्र्याचं वजन, वय आणि इतर आजार पाहून. दिवाळीच्या किमान तीन-चार आठवडे आधी भेट घ्या आणि सणाआधी एखाद्या साध्या दिवशी औषधाची रंगीत तालीम करा, म्हणजे मात्रा कमी-जास्त कळते. आपल्या स्वतःच्या झोपेच्या गोळीचा तुकडा देऊ नका. ब्रँडी पाजणं हा तर निव्वळ अघोरीपणा आहे. आणखी एक. गुंगीची काही जुनी औषधं शरीर निपचित करतात, पण आतली भीती तशीच राहते. कुत्रा पडून आहे म्हणजे शांत आहे असं नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हे भीती कमी करतं की नुसती गुंगी आणतं?" आणि म्हातारा कुत्रा अचानक आवाजाला घाबरायला लागला तर सांधे, पाठ, दात तपासून घ्या. दुखणं असलं की आवाज जास्त बोचतो. हे मात्र आम्हा ज्येष्ठांना कोणी शिकवायला नको.

आता काळू आणि राणी. यांना पलंग नाही, पडदा नाही. यांच्यासाठी दिवाळीचे चार दिवस पार्किंगमधला मीटररूमजवळचा कोपरा मोकळा ठेवू. जुनी पोती, पाणी, आणि संध्याकाळी लवकर जेवण. बळजबरीने कोंडू नका, कोंडलेला घाबरट कुत्रा चावतो. वॉचमनमामांनी गेट बंद ठेवावं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार आवारातल्या भटक्या कुत्र्यांच्या खाण्याची सोय लावणं ही सोसायटीची जबाबदारी आहे, आणि ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, गेटच्या येण्याजाण्यापासून दूर हवी असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे कुत्र्यांचीही सोय आणि मुलांचीही. मुलांनो, कुत्र्याच्या शेपटीला फटाका बांधणं हा खेळ नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे.

आता ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांच्याशी बोलतो. तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, आता यांच्या कुत्र्यासाठी आमच्या मुलांनी फुलबाजी पण लावायची नाही का? खुशाल लावा. भुईनळे लावा, भुईचक्र लावा. सण मुलांचाच आहे. आमची विनंती फक्त वेळ आणि जागेची आहे, आणि तीही कायद्यापलीकडची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली आणि फटाक्यांच्या लांबलचक माळांना मनाई केली. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायला आधीपासूनच बंदी आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तुलना तुम्हीच करा.

माझी सूचना अशी. सी विंगमागच्या मोकळ्या जागेत आठ ते दहा, एवढंच. वेळ आधी बोर्डावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर. वेळ माहीत असली की कुत्रेवाले आपली तयारी करून बसतात. तान्ही बाळं, हृदयविकाराचे रुग्ण, आमच्यासारखे रक्तदाबवाले, सगळ्यांनाच ते बरं पडेल. कुत्र्यासाठी सर्वात वाईट असतो तो अवेळी, एकटा वाजलेला बॉम्ब. दुपारी तीनला कोणीतरी एकच लावतो, आणि कुत्रा रात्रीपर्यंत पुढच्याची वाट पाहत बसतो.

आणि कुत्रेवाल्यांनो, आपलीही बाजू चोख हवी. कुत्रा पाळायला बंदी करणारा ठराव सोसायटीला करता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. पण कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून शेजारी आपल्या बाजूने होत नाही. लिफ्टमध्ये दोरी आखूड धरा, कुत्र्याला घाबरणारं माणूस असेल तर पुढच्या लिफ्टने जा. खाली केलेली घाण उचला, पिशवी खिशात असू द्या. लसीकरण आणि महापालिकेचा परवाना वेळेवर. माणसालाही कुत्र्याची भीती वाटते आणि तीही खरीच असते. स्वतःच्या कुत्र्याची भीती समजून घ्या म्हणणाऱ्याने शेजारच्या आजींची भीती आधी समजून घ्यावी.

कुत्र्याचं हे कौतुक परदेशातून आलंय, असं कोणी म्हणू नये. आपल्या देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत. जेजुरीच्या खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली आहे. ते कोरडी खाऊ नकोस म्हणून धावले, हिसकावून घ्यायला नाही. आणि शेजारच्या नेपाळात आपल्या नरकचतुर्दशीच्या दिवशी कुकुर तिहार असतो. त्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात, गोडधोड खाऊ घालतात. एकाच दिवशी तिकडे माळ गळ्यात पडते आणि इकडे माळ पायाखाली फुटते. आपल्या आवारात निदान ती पायाखाली फुटू नये.

शेवटी कामाचं बोलतो. ज्यांची कुत्री घाबरतात अशा पाच घरांनी आतापर्यंत माझ्याकडे नावं दिली आहेत. आणखी कोणी असेल तर चहाच्या वेळी भेटा. रोज संध्याकाळी सात वाजता पाच मिनिटं, प्रत्येकाने आपापल्या घरी, आवाज आणि पनीर. मी वहीचा नमुना झेरॉक्स करून आणला आहे, पाच रकाने आहेत, भरायला अर्धा मिनिट लागतो. भाऊबीजेनंतरच्या रविवारी सगळ्या वह्या एकत्र पाहू. कोणाची मिनिटं किती कमी झाली ते कळेल, आणि ज्याची कमी झाली नसतील त्याला डॉक्टरांकडे कधी जायचं तेही कळेल. गेटवरच्या दोघांची वही सांभाळायला एखादं शाळकरी पोर पुढे येत असेल तर मला हवंच आहे.